देवी नव्हतीच

त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी मनकर्णाबाईच्या पाठीवर अंगठा टेकवला, दाबून घासला, आणि कातडी जागची हलली नाही.

एवढीच गोष्ट. पण पलंगाभोवती उभ्या असलेल्या पाचही माणसांचा जीव एकदमच भांड्यात पडला. तिच्या नवऱ्याने, तात्यासाहेबांनी, डोक्यावरची टोपी काढली, पुसली आणि परत घातली. धाकट्या दिराने, बन्सीने, खिडकीकडे तोंड फिरवलं. लक्ष्मण आईचा केसपेपर हातात घेऊन उगाच वाचायला लागला. त्यातलं इंग्रजी अक्षर डॉक्टरांनाही कळत नसावं, त्याला कुठून कळणार. देवगाव रंगारीहून आलेली नणंद सारजाबाई, जिने पहिला महिनाभर भावजयीच्या पलंगापासून दोन हात अंतर राखलं होतं, ती आता पलंगावरच टेकली आणि पदराने डोळे टिपू लागली. वच्छलाबाई मात्र हलली नाही. ती जावेच्या पाठीकडे बघत राहिली. पाठीवर काळपट डाग होते, जुन्या पातेल्याच्या बुडासारखे. पण ते कोरडे होते. एकही फोड नव्हता.

तीन महिन्यांपूर्वी हाच अंगठा याच पाठीवर फिरला, तेव्हा भिजवलेल्या बदामाची साल सुटावी तशी कातडी सुटून आली होती. ते पाहून वच्छलाबाई बाहेर व्हरांड्यात जाऊन मटकन खाली बसली होती. सगळ्यांना वाटलं, बाईचं काळीज हळवं. खरं कारण तिचं तिलाच ठाऊक होतं.

फुलंब्रीच्या या दोघा भावांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं, हे पंचक्रोशीत कुणाला नव्याने सांगायला नको. भांडण पाण्याचं. वडिलांनी निजाम गेला त्या पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली खणलेली विहीर वाटणीत दोघांत आली, पाळ्या ठरल्या, आणि बन्सीने आपल्या वाट्याला केळी लावल्या. तात्यासाहेब म्हणायचे, केळ म्हणजे पाण्याची राक्षसीण, ती माझ्या पाळीचं पाणी पिते. बन्सी म्हणायचा, केळ काय उठून तुमच्या पाटावर चालत येते का. मग बोलणं बंद, येणं-जाणं बंद, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात अक्षता टाकून पंगतीला न बसता परत. बन्सी शेतातल्या वस्तीवर राहायला गेला. सुंभ जळतो तरी पीळ जळत नाही म्हणतात; इथे तर सुंभही जळायला तयार नव्हता.

अशात माघ महिन्यात थोरल्या जावेच्या छातीवर, पाठीवर, डोक्यात पाणीदार फोड उठले. आणि तात्यासाहेबांनी कडूबा गड्याकरवी वस्तीवर निरोप धाडला, तो बन्सीच्या बायकोसाठी, वच्छलाबाईसाठी. कारण गावात देवी ओळखावी तर वच्छलाबाईने. तिची आई माहेरच्या गावात याच कामासाठी प्रसिद्ध होती, आणि आईचं ज्ञान लेकीकडे आलं असं सगळे धरून चालत. सरकारने देवी देशातून गेली असं जाहीर करून आठ-नऊ वर्षं झाली होती. पण फुलंब्रीत अजून कांजिण्या आल्या, गोवर आला, तरी आली म्हणायची ती देवीच, आणि तिचे सोहळे तेच.

वच्छलाबाई सहा वर्षांनी त्या घराचा उंबरा ओलांडून आत गेली. फोड पाहिले. सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत होतं. ती म्हणाली, "देवी हाय. सुई टोचू नका, दवापाणी करू नका." झालं. दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला. चुलीवरची फोडणी बंद, तिखट बंद, कंगवा बंद, पायातली वहाण उंबऱ्याबाहेर. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे, देवीच्या घरात आवाज चढवायचा नाही आणि भांडणाचा शब्द काढायचा नाही. देवी कोपते. भाऊबंदांनी रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर गुपचूप बसायचं. त्यामुळे तात्यासाहेब आणि बन्सी एका ओसरीवर, एका सतरंजीवर बसू लागले. असे एकवीस दिवस बसले.

त्या एकवीस दिवसांत वच्छलाबाईचा जो मान झाला तो तिच्या लग्नातही झाला नव्हता. सारजाबाईसारखी फटकळ नणंद, जी कुणालाच मोजायची नाही, ती तिला विचारी, "वयनी, देवीला पाणी कधी द्यायचं?" वच्छलाबाई सांगेल तेव्हा भात शिजायचा, वच्छलाबाई सांगेल तेव्हा दिवा लागायचा. खोटं कशाला बोला, तिला ते फार आवडलं.

बाराव्या दिवशी कडुलिंबाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती जावेची पाठ टिपत होती, आणि फडक्याबरोबर तळहाताएवढी कातडी निघून आली. वच्छलाबाईचे हात तिथेच थांबले. देवीचा फोड ताठ असतो, नवव्या दिवशी कोमेजतो, खपली धरतो. हे फोड लिबलिबीत होते, फुटत होते आणि पसरत होते. ही देवी नव्हती. तिला त्या क्षणी कळलं. बाहेर आल्यावर सारजाबाईने विचारलं, "काय म्हणती देवी?" आणि वच्छलाबाईच्या तोंडून निघालं, "अजून पाच दिवस." पाचाचे नऊ झाले. शब्द मागे घ्यायला जीभच वळेना.

एकविसाव्या दिवशी लक्ष्मण आला. तो चिकलठाण्याला कंपनीत कामाला आणि हर्सूलला खोली करून राहिलेला. त्याने आईच्या अंगावरचा पंचा उचलला, एक शब्द न बोलता बाहेर गेला आणि जीप घेऊन आला. देवी घरात असताना रुग्णाला हलवतात का, म्हणून आत्या सारजाबाई आडवी पडली, तर तो तिला ओलांडून गेला.

शहरातल्या दवाखान्यात डॉ. भानुमती पाठक म्हणून कातडीच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कातडीचा एक तुकडा तपासायला पाठवला, रोगाचं नाव सांगितलं, पेंफिगस, आणि ते कुणाच्याच तोंडात बसेना म्हणून मराठीत समजावलं. हा साथीचा रोग नाही, महारोग नाही, कुणाला लागत नाही. लाखांत एखाद्याला होतो. आपल्या अंगात राखणीसाठी जी फौज असते, तीच चुकून आपल्याच कातडीला दुश्मन समजते आणि कातडीचे सांधे उसवून टाकते. बाहेरून कुणी आलेलं नाही, घरातलेच घरातल्यांवर उठलेत. हे ऐकून तात्यासाहेबांनी छताकडे पाहिलं आणि बन्सीने फरशीकडे.

मग पाठकबाईंनी विचारलं, एकवीस दिवस उशीर का झाला, देवी आहे असं सांगितलं कुणी. वच्छलाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. पण पलंगावरून, फोडांनी भरलेल्या तोंडातून, मनकर्णाबाईच म्हणाली, "म्याच म्हणलं, बाई. मला वाटलं देवी."

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या की आणखी आठवडा गेला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. ते वाक्य तेव्हापासून वच्छलाबाईच्या पोटात होतं.

इलाज लांबलचक होता. महिन्यातून एकदा सलग तीन दिवस सलाइनमधून भारी औषध, रोज गोळी, रक्ताची तपासणी, साखरेची तपासणी. आणि अंगावर कापड टेकवता येत नव्हतं, चादर चिकटली की कातडी घेऊनच निघायची. म्हणून पाठकबाईंनी केळीची पानं मागवली. कोवळी, न फाटलेली. सिस्टर ती वाफेतून काढून, थंड करून, त्यावर तेलकट औषध चोपडून पलंगावर अंथरत, आणि मनकर्णाबाई त्यांवर निजे. पानं कुठून आणायची हा प्रश्न पडला. बन्सी खाकरला आणि म्हणाला, "किती लागत्यात?"

तेव्हापासून दिवसाआड पहिल्या एसटीने बन्सी पानांचा भारा घेऊन उतरायचा. ज्या केळींना तात्यासाहेब सहा वर्षं राक्षसीण म्हणत आले, त्यांच्याच पानावर त्यांची बायको निजत होती. तात्यासाहेब ते बघायचे आणि मूग गिळून बसायचे. पहिल्या सलाइनने काही फरक दिसला नाही. दुसऱ्यानंतर तोंडातले फोड बसले आणि मनकर्णाबाई दूधभात खाऊ लागली. तिसऱ्यानंतर नवा फोड आला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अकरा दिवस नाही.

म्हणून आजचा हा अंगठा.

"घरी न्या," पाठकबाई म्हणाल्या. "पण नीट ऐका. बरं झालं असं मी म्हणणार नाही. आवरलंय. दर महिन्याला तीन दिवस इथे यायचं, वर्षभर तरी. रोजची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. बरं वाटतंय म्हणून बंद केली, उपास आहे म्हणून ठेवली, असं काही केलंत तर पुन्हा हीच दशा."

तात्यासाहेबांना एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट हवी होती. ते म्हणाले, "म्हंजे आता मरत तर नाय ना ती?"

"नाही हो," पाठकबाई हसल्या. "तुम्ही सगळे मिळून सांभाळलंत तर नाही."

डॉक्टरीणबाई पुढच्या पलंगाकडे गेल्या. सिस्टरने पुरुषांना बाहेर काढलं. सारजाबाई औषधांच्या पिशवीबरोबर व्हरांड्यात गेली. आत वच्छलाबाई राहिली, जावेला लुगडं नेसवायला. मऊ, जुनं, चार वेळा उकळून धुतलेलं लुगडं तिने घरून आणलं होतं. काठ टोचेल म्हणून काठसुद्धा उसवून टाकले होते.

बाहेर व्हरांड्यात बोलणं सुरू झालं. आधी हळू. मनकर्णाबाईला न्यायचं कुठे, हा विषय. लक्ष्मण म्हणत होता, माझ्या खोलीवर हर्सूलला. दर महिन्याला यायचंय, एसटीचे धक्के कशाला. तात्यासाहेब म्हणत होते, नवऱ्याचं घर असताना बाई भाड्याच्या खोलीत राहील का. सारजाबाई आयुष्यभर भावाच्या बाजूने बोलत आली, पण आज भाच्याकडे झुकली. आणि लगेच तिलाच सुचलं की दोघांपेक्षा देवगाव रंगारी बरं, तिथं मी आहे, हिची पथ्यं मी बघते. मग बन्सीचा आवाज आला की वस्तीवर न्यावं, मोकळी हवा आहे, पानं दारात आहेत. त्यावर तात्यासाहेब गरजले, "माझी बायकू नेऊन तुझ्या केळीत ठिवू व्हय?"

"केळीनंच वाचली ती," बन्सी म्हणाला.

"आन् त्या केळीला पाणी कुणाचं?"

झालं, विहीर आली. वच्छलाबाई निऱ्या चाळत होती, तिचे हात थांबले. देवी आल्यापासून आजपर्यंत, म्हणजे ओसरीवरचे एकवीस दिवस आणि दवाखान्यातले तीन महिने, हे दोघे एकदाही असे बोलले नव्हते. आज बाई वाचली आणि दोघांना पुन्हा पाळ्या आठवल्या. सहा वर्षांचं सगळं बाहेर निघायला लागलं: मोटारीचा फ्यूज कुणी काढला, पाटाला माती कुणी लावली.

मनकर्णाबाई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं. वच्छलाबाईला ते बघवेना, आणि पोटातलं आता पोटात राहीना.

"आक्का," ती म्हणाली, "देवी म्हणून म्या सांगितलं होतं. तुमी डॉक्टरीणबाईला तुमचं नाव काहून सांगितलं?"

"जाऊ दे की आता."

"नाय. अजून एक हाय." तिने लुगड्याचं टोक घट्ट धरलं होतं. "बाराव्या दिवशी तुमची कातडी माझ्या हातावर आली. मला तवाच कळलं ही देवी नाय. तरी म्या बोलले नाय. समदं घर मला इचारत होतं, तो मोठेपणा सुटंना मला. तुमी मेला असता, आन् म्या मारलं असतं."

तिला वाटलं, आता जाऊ तोंड फिरवेल. फिरवलं तरी चालेल, असंही वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचा धोंडा हलला होता.

मनकर्णाबाईने तिच्या मुठीतून लुगड्याचं टोक सोडवून घेतलं. मग म्हणाली, "तुला बाराव्या दिवशी कळलं. मला पहिल्याच दिवशी ठावं होतं."

वच्छलाबाईला काही उमगेना.

"दिवाळीपासून माझ्या तोंडात फोड होते, वच्छला. ठेच्याचा घास घेतला की डोळ्यांत पाणी. चार महिने पाण्यात कालवून भाकर गिळली. देवी काय चार महिने तोंडात दबा धरून बसती? सासूबाईला देवी आली तवा त्यांचं समदं म्या केलं, तू तवा या घरात आली बी नव्हतीस. मला देवी कळत नाय व्हय?"

"मंग बोलला काहून नाय?"

मनकर्णाबाईने दाराकडे पाहिलं. बाहेर फ्यूजवरून मामला हमरीतुमरीवर आला होता.

"पहिल्या सांजंला तुझा मालक ओसरीवर बसला," ती म्हणाली. "म्या आत पडले होते. ऐकलं. तो म्हणला, दादा, च्या घ्या. हे म्हणले, तू घे आधी. सहा वर्षांनी ऐकलं म्या ते. म्हणलं, आजचा दिस जाऊ दे. मंग उद्याचा बी जाऊ दे म्हणलं. असं करता करता."

"आक्का, मेला असता तुमी."

"व्हय. मेले असते तर तेराव्यापतुर तरी संगं बसले असते."

हे ती थट्टेने बोलली नाही आणि रडूनही बोलली नाही. भाकरी किती टाकायच्या हे सांगावं तसं बोलली. वच्छलाबाईला आधी सुटल्यासारखं झालं. तिचं पाप एकटीचं नव्हतं. आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या डोक्यात अशी तिडीक उठली की तिचं तिलाच नवल वाटलं. एवढी शहाणी बाई, आणि दोन म्हाताऱ्या पोरांना एका सतरंजीवर बसवायला स्वतःच्या अंगाची साल काढू दिली. आणि ते दोघे बाहेर माती कुणी लावली त्याचा हिशेब करतायत.

तिने लुगड्याचा कासोटा खोचला, जावेला पलंगाच्या कडेला बसवलं आणि दार उघडून बाहेर आली.

बावीस वर्षांच्या संसारात वच्छलाबाई थोरल्या दिराशी कधी थेट बोलली नव्हती. सांगायचं ते नणंदेला सांगायची, नाहीतर पोरांकरवी कळवायची. समोर आले तर पदर ओढून भिंतीला लागायची. आजही तिने पदर ओढला. पण भिंतीला लागली नाही. ती दोघा भावांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली.

तात्यासाहेब बोलता बोलता थांबले. लक्ष्मणही दचकला. सारजाबाईच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"ती देवी नव्हतीच. म्या चुकले, आन् चुकल्याचं कळूनबी गप बसले. माझं काय करायचं ते करा. पर आक्काला पहिल्या दिवसापासून ठावं होतं. तोंडात फोड होते तिच्या, दिवाळीपासून. देवी नाय म्हणली असती तर तुमी दोघं ओसरीवरून उठून गेला असता, म्हणून ती बोलली नाय. अंगाची कातडी सुटली तरी बोलली नाय. एकवीस दिवस."

व्हरांड्यात बोलणं संपलं. तात्यासाहेबांचा हात, जो बन्सीकडे उगारल्यासारखा वर गेला होता, तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. बन्सी बायकोकडे बघत होता, जणू ही कोण. लक्ष्मणने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. चार महिने आईचं तोंड दुखत होतं आणि आपण दर महिन्याला घरी जाऊन तिच्यासमोर बसून ठेचा-भाकरी खाल्ली होती, हे त्याला आत्ता कळत होतं. सारजाबाई, जिला शब्दाला शब्द लावल्याशिवाय राहवत नसे, तीसुद्धा पिशवी घेऊन खालीच बसली.

शेवटी तात्यासाहेब म्हणाले, "बन्सी." एवढंच. बन्सी जवळ गेला आणि थोरल्या भावाचा तो लोंबकळता हात त्याने धरला.

आत पलंगाच्या कडेला बसलेल्या मनकर्णाबाईला एकदम शांत झालेलं ऐकू आलं. तिने असली शांतता आयुष्यात फक्त मयताच्या घरी ऐकली होती. ती घाबरली. भिंतीला धरून उठली, स्वतःच्या पायांनी चार पावलं चालली आणि दारात येऊन उभी राहिली. तीन महिन्यांत ती एवढी कुणाचा हात न धरता चालली नव्हती, पण ते तिच्याही ध्यानात आलं नाही.

"काय झालं गं वच्छला?" तिने विचारलं. "कोण गेलं?"

वच्छलाबाईने तिच्या खांद्याभोवती हात टाकला. कातडी कोरडी होती, उबदार होती, आणि जागच्या जागी होती.

"कुणी नाय गेलं, आक्का," ती म्हणाली. "समदे हितंच हायत."